निधी, गाडी आणि आमचे हे

४ जानेवारी, शनिवार

आज निधीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. 'पडलं' हाच शब्द बरोबर आहे. जुन्या अध्यक्षांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही आणि आमची खोली नेमकी वाचनालयाच्या माडीवर. त्यांनी राजीनाम्याचा कागद खालूनच वर पाठवला. उरलेल्या चौघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग चौघांनी मिळून माझ्याकडे.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर बसलात. लोकांचं ऐकून घ्यायला तुमच्यापेक्षा चांगलं कोण मिळणार?"

मी हुरळले. ही वही मी एकटीच वाचणार आहे, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

शहरातले आणि आसपासच्या सहा गावांतले नोकरदार दर महिन्याला पगारातून थोडे पैसे निधीसाठी कापून देतात. ते कुणाला किती द्यायचे हे आम्ही पाच जण वर्षातून एकदा, मार्चमध्ये ठरवतो. चार कामं चालतात त्यावर. एकट्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे, कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर, घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करणाऱ्या नर्स आणि गावोगाव फिरून कान तपासणारी एक गाडी. सभेत काय ठरलं ते इतिवृत्तात जातं. कुणाला काय वाटलं ते कुठंच जात नाही, म्हणून ही वही.

घरी येऊन यांना सांगितलं. हे पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचत होते. "हं," म्हणाले आणि पान उलटलं. उभा जन्म छापखान्यात काढलेल्या माणसाला कागदाचं प्रेम असणारच. पण बायको अध्यक्ष झाली त्या दिवशी तरी मान वर करावी की नाही?

१३ जानेवारी, सोमवार

नऊच दिवस झाले आणि डोक्यावर आभाळ कोसळलं.

औषधांचा कारखाना बंद होतोय. नुसती कुजबुज नाही, यंत्रं ट्रकवर चढताना ड्रायव्हरभाऊंनी डोळ्यांनी पाहिली. (ड्रायव्हरभाऊ आमच्या समितीत कामगारांच्या बाजूनं आहेत. शहर बस चालवतात.) आमच्याकडे येणाऱ्या दर दहा पैशांतले चार त्या कारखान्यातून यायचे. एप्रिलपासून शून्य.

तातडीची सभा घेतली. पत्र्याचे व्यापारी म्हणाले, "सगळ्यांना सारखी कात्री लावा. कुणाचा रोष नको." शिवणबाई, म्हणजे शिवणवर्ग चालवणाऱ्या आमच्या चौथ्या सभासद, एकदम उसळल्या. "पाळणाघराला कात्री लावायची म्हणजे काय? अर्धं मूल सांभाळायचं का?"

मी सांगितलं की कागद बघून कुणालाही काही तोडणार नाही. चारही ठिकाणी स्वतः जाऊन बघेन, आणि दुसरीकडे नवे देणगीदार शोधू. "रडत बसायला मार्चनंतर भरपूर वेळ आहे," असंही म्हणाले. वाक्य बरं जमलं होतं. डॉक्टर हसले.

घरी हसायला कुणी नव्हतं. मी जिन्यातूनच यांना सगळं सांगत वर आले, अगदी चपला काढेपर्यंत. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी आलीस?"

२१ जानेवारी, मंगळवार

डब्यांचं स्वयंपाकघर पाहिलं. जुन्या गॅरेजमध्ये आहे, तेलाचा वास अजून भिंतींत मुरलेला. अकराच्या ठोक्याला चौऱ्याहत्तर डबे ओळीनं मांडलेले असतात. प्रत्येकाच्या झाकणावर खडूनं खुणा. मीठ कमी, दात नाहीत, कुत्रा चावतो. शेवटची खूण जेवणाऱ्याची नाही, पोचवणाऱ्यासाठी आहे.

एका डब्याबरोबर मीही गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, डबा बाजूला ठेवला आणि मला बसवून घेतलं. वीस मिनिटं बोलत होत्या. निघताना म्हणाल्या, "जेवण काय गं, गिळायचं असतं. दार वाजतं ते महत्त्वाचं." याला कात्री लावायची माझी छाती नाही.

संध्याकाळी घरी आले तर टीव्ही इतका मोठ्यानं चालू की भिंती थरथरत होत्या. मी येताना दिसले की हे मुद्दाम आवाज वाढवतात, असं आता मला वाटायला लागलंय. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ऐकू तरी आलं असतं का त्या गोंगाटात!

२९ जानेवारी, बुधवार

आज कानाची गाडी. जुनी मालवाहू गाडी आहे. मागच्या भागात जाड गादीसारखं अस्तर लावून एक खोलीवजा कप्पा केलाय. आत एक स्टूल, माणसाच्या कानावर टोप्या, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. गाडी चालवणारी, कान तपासणारी आणि अर्ज लिहिणारी बाई एकच. तिशीतली, बारीक, घाईनं बोलणारी. ड्रायव्हरभाऊ तिला 'कानवाली' म्हणतात आणि ती रागावत नाही.

पिठाच्या गिरणीबाहेर रांग लागलेली. मी विचारलं, "वय झालं की ऐकायला कमी येणारच. त्यात तपासायचं काय?"

ती म्हणाली, "यांतले निम्मे पन्नाशीच्या आतले आहेत बाई. यंत्रापाशी उभं राहून कान गेलेत. आणि ऐकू येत नाही असं कुणी सांगायला येत नाही. सगळे 'हं' म्हणतात. 'हं' म्हटलं की समोरचा गप्प बसतो ना! घरच्यांना वाटतं माणूस रुसलाय, नाहीतर घुम्या झालाय."

बोलते छान. अर्जातही एवढं छान लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

पण माझं मत सांगते. एकीकडे चौऱ्याहत्तर माणसांचं जेवण आणि दुसरीकडे कानावर टोप्या. पैसे असते तर दोन्ही. नाहीत, तर कानांचं थांबू शकतं. चारांत मी गाडीला चौथी ठेवणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस माझा!

सकाळी सहाला बस डेपोत पाळी बदलते. ड्रायव्हरभाऊंनी मला एका टायरच्या थप्पीशेजारी उभं केलं आणि ओरडले, "पाच मिनिटं द्या रे, आमच्या ताई आल्यात!" मी आयुष्यात भाषण केलेलं नाही. पण खिडकीवर रोज शंभर चिडलेली माणसं हाताळली आहेत. तसंच बोलले.

मागून एकजण म्हणाला, "तुमच्या निधीतून मला काय मिळालं आजपर्यंत?"

मी म्हटलं, "काही नाही, आणि तुम्हाला कधीच काही मिळू नये अशी माझी इच्छा आहे. पण तुमची आई एकटी पडली आणि तुम्ही दुपारच्या पाळीला असलात, तर दार वाजवायला कुणीतरी असावं की नाही?"

तो पुढे आला आणि त्यानं पहिली सही केली. एक्केचाळीस फॉर्म! ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा."

पळत घरी आले. हे मोरीपाशी उभे राहून कपबशा विसळत होते. मी दारातूनच म्हटलं, "एक्केचाळीस!" यांनी वळूनही पाहिलं नाही. मी तशीच आत गेले, फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि पडून राहिले. एवढा कसला राग माणसाला? मी इतकी वर्षं नोकरी केली तेव्हा कधी काही बोलले नाहीत. आता निवृत्त झाल्यावर मी घरात बसावं असं यांना वाटत असणार. दुसरं काय कारण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

किल्ली घरी विसरले. वीस मिनिटं बेल वाजवली, दार ठोकलं. हे आत होते! शेवटी शेजारीण आली आणि तिच्या गॅलरीतून हातवारे केले, तेव्हा उठले. आत किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली होती, तळ काळा.

मी म्हटलं, "माझ्यावरचा राग किटलीवर काढू नका."

तर म्हणाले, "किटली? शिट्टी वाजली की काढणार होतो." आणि अपराधी चेहरा करून ती घासायला बसले. मला काही कळेनासं झालंय.

दुपारी लेकीचा फोन. "आई, तुमचं भांडण झालंय का? बाबा फोनवर दोन शब्द बोलत नाहीत. 'बरं बरं, आईकडे देतो' म्हणतात आणि पळतात." मी म्हटलं, "बाबांना विचार." ती म्हणाली, "तेच तर सांगतेय, विचारता येत नाही!"

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिली चर्चा झाली. नवे देणगीदार धरूनही दहातले जेमतेम आठ हाताशी. डॉक्टरांनी गाडीची बाजू लावून धरली. मी म्हणाले, "डॉक्टर, बहिरेपणानं कुणी मरत नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "नाही, मरत नाही."

त्यांनी ते अशा सुरात म्हटलं की मला घरी येईपर्यंत तोच सूर आठवत राहिला. पण मुद्दा माझाच बरोबर आहे. अंतिम निर्णय वीस मार्चला.

५ मार्च, बुधवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. पण आजच लिहिणार.

सकाळी परत डेपोत गेले, राहिलेल्या दुसऱ्या पाळीला भेटायला. तिथं पोचल्यावर लक्षात आलं की कोऱ्या फॉर्मांची फाइल टेबलावरच राहिली. आता काय करायचं म्हणून ड्रायव्हरभाऊंशी बोलत होते, तेवढ्यात फाटकातून हे येताना दिसले. हातात माझी फाइल. धाप लागलेली. तीन किलोमीटर चालत आले होते, कारण बसच्या गर्दीत फाइल चुरगळली असती.

आणि त्यांच्या मागे एक बस उलटी येत होती. भोंगा वाजत होता. कंडक्टर बस ठोकत ओरडत होता. सगळा डेपो ओरडत होता. मी ओरडले. हे माझ्याकडे बघून हसले आणि फाइल वर धरून दाखवली.

ड्रायव्हरभाऊ कसे धावले मला माहीत नाही. त्यांनी यांना दंडाला धरून ओढलं आणि दोघं टायरांवर पडले. बस तिथूनच गेली.

यांना खरचटलं फक्त. पाणी दिलं, बसवलं. ड्रायव्हरभाऊंनी मला बाजूला घेतलं. "ताई, काकांना ऐकू येत नाही. किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, "येतं हो. लक्ष नसतं त्यांचं."

त्यांनी त्या बसकडे नुसतं बोट दाखवलं.

घरी आल्यावर हे पावाला लोणी लावत बसले, पाठ माझ्याकडे. मी दारात उभी राहिले. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो." काही नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, "मी चुकले." काही नाही. सुरी पावावरून फिरत होती. "मी फार चुकले हो." हे स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते.

मग मी समोर जाऊन बसले आणि तेच पुन्हा म्हटलं. यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. "काय चुकलीस?" म्हणाले.

दोन वर्षं झाली म्हणे. आधी उजवा, मग डावा. छापखान्यातले बरेचजण असेच आहेत. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

तर म्हणाले, "अगं, तू जन्मभर दिवसाला शंभर तक्रारी ऐकून घरी यायचीस. आपण आणखी एक कशाला, असं सवयीनं झालं."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. मग लक्षात आलं की नळ सोडायची काही गरज नव्हती.

९ मार्च, रविवार

कानवालीकडे घेऊन गेले. रांगेत उभे राहिलो, मधे घुसलो नाही. तिनं यांना स्टुलावर बसवलं, कानांवर टोप्या, हातात बटण. मी काचेतून बघत होते. तिच्या समोरच्या यंत्रावर दिवे लागत होते, म्हणजे आत आवाज वाजत होते, आणि यांचा अंगठा बटणावर तसाच, वाट बघत. चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. किती दिवे लागून गेले. किती वेळ तो अंगठा हलला नाही.

तिनं नमुन्याची यंत्रं दोन्ही कानांना लावून दिली. हे गाडीतून खाली उतरले, चार पावलं चालले आणि थांबले. "तुझ्या चपला एवढ्या वाजतात?"

मी म्हटलं, "तुमच्या वाजतायत."

यंत्रांची पूर्ण किंमत आम्हीच भरणार. निधीची सवलत घ्यायची नाही, हे मी तिला आधीच सांगितलं. तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "एकशेबारा जण यादीत आहेत बाई. महिनाअखेरपर्यंत जेवढे होतील तेवढे करते. पुढचं तुमच्या सभेवर."

तिला माझं मत माहीत नाही. मी खाली बघितलं.

१४ मार्च, शुक्रवार

पाच दिवस एकच विचार. गाडी पहिल्या क्रमांकाची आहे असं आता मला वाटतं. पण दहा दिवसांपूर्वी ती चौथी होती. मध्ये काय बदललं? गिरणीबाहेरची रांग तीच, एकशेबारा माणसं तीच. बदललं एवढंच की ती रांग माझ्या घरापर्यंत आली. मग अंथरुणाला खिळलेलं कुणी माझ्या घरात असतं तर नर्स पहिल्या आल्या असत्या. नातवंड इथं असतं तर पाळणाघर. आधीचं मत आंधळं होतं. आत्ताचं डोळस आहे की नुसतं माझं आहे, हे मला सांगता येत नाही.

नियमावलीत आहे की जवळच्या माणसाचा संबंध असेल तर सभासदानं त्या विषयापुरतं बाहेर बसावं. डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही पैसे भरताय. लाभ कुठं आहे? उगाच काटेकोरपणा करू नका. दोन-दोन मतं पडली आणि अध्यक्ष खोलीत नसले तर प्रस्ताव पडतो, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

मी म्हटलं, "मी खिडकीवर होते तेव्हा आमच्या गल्लीचा नळ आठ दिवस बंद होता. मी आमची तक्रार एकदाही वर सरकवली नाही. शेजारी अजून बोलतात त्यावरून. आता या वयात सरकवू?"

ते चिडले. चहासुद्धा विचारला नाही.

२० मार्च, गुरुवार

डबे, पूर्ण. सगळ्यांचं एकमत. पाळणाघर, पूर्ण. नर्सना थोडी कात्री, ड्रायव्हरभाऊंचा विरोध नोंदवून.

मग गाडीचा विषय आला. मी उभी राहिले, यांचं सगळं सांगितलं आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले. खाली वाचनालयात लोक पानं उलटत होते. दार बंद होतं तरी शिवणबाईंचा आवाज येत होता. "मलाही गाडी हवी आहे हो! पण पाळणाघरातली कोणती बारा मुलं काढू ते सांगा आधी!" खोटं नव्हतं त्यांचं. मला एकदाच उठून दार उघडावंसं वाटलं. कठडा धरून बसले.

डॉक्टर बाहेर आले. "दोन विरुद्ध दोन. पडला." आणि जिना उतरताना, "तुमच्या एका हातानं झालं असतं."

घरी यांच्या समोर बसून सांगितलं. नवी यंत्रं अजून यायची आहेत, म्हणून सावकाश, तोंड नीट दिसेल असं. मला वाटलं पाठ थोपटतील. हे भडकले.

"म्हणजे माझ्यामुळे गेली गाडी?"

"तुमच्यामुळे नाही, नियमामुळे."

"त्या रांगेतल्यांना सांग जाऊन नियम!"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज उत्तर आहे.

सकाळी नियमावली पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. सामायिक निधीचे वाटप समिती करील. बरोबर. पण देणाऱ्यानं स्वतःच फॉर्मवर लिहून दिलं की माझे पैसे अमुक कामाला, तर समितीला मत द्यायचा प्रश्नच येत नाही. ती पळवाट नाही, कलम अकरा आहे. आणि अध्यक्षानं दारोदार फिरू नये असं कुठल्याही कलमात नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते अजून फुगलेले. मी कलम वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पिवळ्या कागदावर छापा. नेहमीच्या निळ्यांत मिसळायला नकोत." म्हणजे राग गेला.

शिवणबाई तर स्वतः घरी आल्या. "माझं मत मी बदलणार नाही. पण फॉर्म द्या, माझ्या वर्गातल्या बायकांचे नवरे यंत्रांवरच आहेत सगळे." वीस फॉर्म घेऊन गेल्या.

७ एप्रिल, सोमवार

आज यांच्या जुन्या छापखान्यात गेलो. दोघंही. मी बोलणार असं ठरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, चाळीसएक माणसं कागदाच्या गठ्ठ्यांवर बसली. मी घसा साफ केला, तर यांनी माझ्या हातातून फॉर्म घेतले आणि पुढे झाले. कानांत नवी यंत्रं, इस्त्रीचा शर्ट. मी यांना लग्नसमारंभात चार माणसांसमोर बोलताना पाहिलेलं नाही.

"मला ऐकू येत नाही," हे म्हणाले. इतक्या मोठ्यानं की खिडकीवरची कबुतरं उडाली. मग कानातलं बोटानं नीट बसवून जरा हळू म्हणाले, "यायचं नाही. दोन वर्षं लपवलं. बायको बोलायची, मी 'हं' म्हणायचो. बायकोला वाटलं मी रुसलो. मला वाटलं, बरं झालं, रुसलोय असंच वाटू दे, बहिरा झालो यापेक्षा बरं. महिन्यापूर्वी बसखाली जाणार होतो." मग म्हणाले, "तुमच्यात कोण कोण 'हं' म्हणतं?"

कुणी हात वर केला नाही. सगळे हसले, चुळबुळले, डब्यांकडे बघू लागले. मला वाटलं, गेलं सगळं फुकट.

यांनी फॉर्म गठ्ठ्यावर ठेवले, स्वतः शेजारी बसले आणि चहा प्यायला लागले. मग एकजण आला, कप घेऊन, सहज आल्यासारखा. यांच्या डाव्या बाजूला बसला, मग उठून उजव्या बाजूला बसला. चांगला कान यांच्याकडे करून. मग दुसरा. एक फोरमन आला, त्यानं उभ्याउभ्याच सही केली आणि विचारलं, "बाहेर कुणाला कळतं का, कोण तपासायला आलं ते?"

"माझ्याकडून नाही कळणार," हे म्हणाले.

भोंगा झाला तेव्हा चौतीस पिवळे फॉर्म भरले होते. सोळाजणांनी तपासणीसाठी वेगळी नावं दिली.

परत येताना मी गप्प होते. यांनी विचारलं, "काय झालं? राग आला, मीच बोललो म्हणून?"

मी म्हटलं, "हं."

हे भर रस्त्यात इतके हसले की लोक बघायला लागले.

१९ एप्रिल, शनिवार

गाडी सप्टेंबरपर्यंत चालेल एवढं जमलं. पुढचं पुढे. कानवालीनं आज छापखान्याच्या आवारात गाडी उभी केली आणि यांना बाहेर खुर्ची टाकून यादी सांभाळायला बसवलं. लाजरे लोक यांच्याकडे आधी येतात म्हणे.

आणि संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं.

सोमवारी खडी फोडायच्या कारखान्यात जायचंय. दीडशे माणसं. यांचं म्हणणं, तिथं फक्त पिवळे फॉर्म न्यायचे. "तिथं दगड फुटतात दिवसभर. सगळ्यांचे कान गेलेत. सगळे गाडीला देतील!"

मी म्हटलं, "आणि निळे? नर्सना कात्री लागलीय. अंथरुणात पडलेला माणूस गठ्ठ्यावर उभा राहून भाषण करणार आहे का?"

"मग गाडी सप्टेंबरात बंद करायची?"

"मी असं कधी म्हटलं?"

"अर्थ तोच होतो!"

"होत नाही!"

पाऊण तास. मी टेबलावर हात आपटला, यांनी खुर्ची सरकवली. एकही शब्द दोनदा सांगावा लागला नाही. शेवटी शेजारीण बेल वाजवून विचारायला आली, सगळं ठीक आहे ना? बेल यांनीच ऐकली, दार यांनीच उघडलं. "आमची सभा चालू आहे," म्हणाले आणि परत येऊन बसले. "हां, कुठं होतो आपण?"

दोन्ही फॉर्म न्यायचे. मी निळ्यांबद्दल बोलणार, हे पिवळ्यांबद्दल. कुणी कशावर सही करायची ते खडीवाले ठरवतील. एवढं मान्य करून घ्यायला मला पाऊण तास लागला आणि मान्य केल्यावरही हे पुटपुटत होते.

पुटपुटलेलं मला ऐकू आलं. मी सोडणार नाही. सोमवारी सकाळी सातची बस.